वेस राखली आम्ही, किल्ली कुणाच्या कमरेला?

आमच्यातला एक मुलगा वाशिम जिल्ह्यातल्या मालेगाव तालुक्याचा. वडील शेतमजूर. सोयाबीनच्या सोंगणीवर घर चालते. शिष्यवृत्तीवर तो इंजिनिअर झाला आणि आता पुण्यात मोबाईल अ‍ॅपची सुरक्षा तपासण्याचे काम करतो. कंपनीचे नाव आम्ही लिहीत नाही, कारण त्याला तिथेच नोकरी करायची आहे.

विद्यार्थ्यांच्या कागदपत्रांचे एक अ‍ॅप त्याच्याकडे तपासणीला आले. स्वतःच्या लॉगिनने तो आत गेला आणि सर्व्हरकडे जाणाऱ्या विनंतीत अर्ज क्रमांकाचा शेवटचा आकडा बदलला. समोर दुसऱ्याच मुलीचा जातीचा दाखला उघडला. आणखी एक आकडा बदलला, तिसऱ्या मुलाचा उत्पन्नाचा दाखला. कुलूप तोडावे लागले नाही, कारण कुलूप नव्हतेच. त्याने रीतसर अहवाल लिहिला आणि दोषाची तीव्रता 'अतिगंभीर' अशी नोंदवली.

टीम लीडने ती 'मध्यम' केली. कारण काय दिले? "यात बँक खात्याचा नंबर नाही, पासवर्ड नाही. जात काय, ती तर सगळ्यांना माहीतच असते." अ‍ॅप ठरल्या तारखेला बाहेर पडले. दुरुस्ती पुढच्या आवृत्तीत गेली.

हा लेख त्या एका वाक्याबद्दल आहे. जात सगळ्यांना माहीतच असते, असे कोण म्हणू शकतो? ज्याला ती कधी लपवावी लागली नाही, तोच. पुण्या-मुंबईत भाड्याने खोली शोधताना ज्याने आडनाव अर्धे सांगितले नाही, हॉस्टेलमध्ये 'तू कोणत्या कॅटेगरीतून' या प्रश्नावर ज्याची मान खाली गेली नाही, त्याला जात फुटणे हा सुरक्षेचा दोष वाटणार नाही. तो लीड दुष्ट आहे असे आमचे म्हणणे नाही. धोका म्हणजे काय हे ठरवण्याची खुर्ची त्याच्याकडे होती आणि त्याने स्वतःच्या आयुष्याच्या मापाने ते ठरवले. आमच्या मुलाकडे ज्ञान होते, पुरावा होता. थांबवण्याचा अधिकार नव्हता.

राखणदारी जुनीच आहे

बांधवांनो, ही वाटणी आपल्याला नवी नाही. गावगाड्यात राखणदारी कुणाकडे होती? वेसकर कोण होता? वेशीवर रात्र जागवणारा, सरकारी खजिना सोबत करून पोचवणारा, शिवेच्या तंट्यात हद्द दाखवणारा महारच होता. गावाची सुरक्षा आमच्या खांद्यावर आणि गावात आम्हाला जागा वेशीबाहेर! कोण आत यायचे, कोण नाही, हा हुकूम पाटलाचा. रात्रीचे जागरण वेसकराचे.

बाबासाहेबांनी १९ मार्च १९२८ रोजी मुंबई कायदेमंडळात महार वतनाच्या दुरुस्तीचे बिल मांडले, ते याच वाटणीवर घाव घालण्यासाठी. काम ठरलेले नाही, वेळ ठरलेली नाही, मोबदला धड नाही आणि अधिकार मुळीच नाही, अशी ती वतनदारी होती. कायद्याने ती जायला १९५८ साल उजाडले.

आज वेस मोबाईलच्या पडद्यावर आली आहे. तिच्यावर जागणाऱ्याला 'सिक्युरिटी टेस्टर' म्हणतात. दोष शोधायचा, अहवाल लिहायचा, पुढे पाठवायचा. अ‍ॅप बाहेर पडेल की थांबेल हे टीमचे नेतृत्व करणारा ठरवतो. नाव बदलले, पगार आला, वातानुकूलित खोली आली. किल्ली मात्र अजून दुसऱ्याच्याच कमरेला आहे.

वाशिमला याचे काय?

कुणी विचारेल, वाशिमसारख्या जिल्ह्यात हा विषय कशाला? इथे पाणी नाही, रोजगार नाही, पोरे समृद्धी महामार्गाने निघून जातात. आम्ही म्हणतो, विषय इथलाच आहे.

१ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वेगळा झालेला हा सहा तालुक्यांचा जिल्हा. २०१८ मध्ये नीती आयोगाने तो 'आकांक्षित' ठरवला. महाराष्ट्रातून नंदुरबार, गडचिरोली, उस्मानाबाद आणि वाशिम असे चार. त्या कार्यक्रमात ४९ निर्देशांकांवर जिल्ह्याची प्रगती डॅशबोर्डवर मोजली जाते. त्या आकड्यांच्या मुळाशी कोण आहे? अंगणवाडी सेविका, आशा, आरोग्यसेविका. शहरातला माणूस हौसेने अ‍ॅप घेतो, नको वाटले तर काढून टाकतो. मानोऱ्याच्या तांड्यावरची गरोदर बाई अ‍ॅप निवडत नाही. अ‍ॅप तिला निवडते.

पोषण ट्रॅकर मार्च २०२१ मध्ये आला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये महाराष्ट्रातल्या अंगणवाडी सेविकांनी निकृष्ट सरकारी मोबाईल परत करण्याचे आंदोलन केले. १ जुलै २०२५ पासून घरी नेण्याच्या पोषण आहारासाठी चेहरा ओळखण्याची सक्ती आली. रोजगार हमीच्या कामांवर १ जानेवारी २०२३ पासून अ‍ॅपवरून दोन वेळा फोटोची हजेरी सक्तीची झाली आणि जुलै २०२५ मध्ये केंद्रीय ग्रामविकास मंत्रालयालाच परिपत्रक काढून सांगावे लागले की फोटोचे फोटो काढून, भलतेच फोटो चढवून हजेऱ्या लागत आहेत. म्हणजे ज्याच्या नावाने पाळत आणली तो गैरव्यवहार अ‍ॅपने थांबला नाही. नेटवर्क नसल्यामुळे हजेरी बुडण्याची भीती तेवढी खऱ्या मजुराच्या डोक्यावर आली.

असे अ‍ॅप बनवणाऱ्या टीमने पहिल्या दिवशी एक प्रश्न विचारायचा असतो: हल्ला कोण करेल? पुस्तकी उत्तर असते परदेशातला हॅकर. आमच्या गावातले उत्तर वेगळे आहे. घरात एकच मोबाईल असतो, तोही पुतण्याच्या खिशात. ओटीपी त्याच्याकडे येतो. म्हातारीचा आधार क्रमांक ऑनलाइन कामे करणाऱ्या दुकानाच्या वहीत लिहिलेला असतो. अर्ज भरून देणारा सरपंचाचा माणूस असतो आणि निवडणुकीत कोणत्या वस्तीने कुणाला मत दिले याचा हिशेब तो ठेवत असतो. सासर सोडून आलेल्या बाईला, जातीबाहेर लग्न करून लांब राहणाऱ्या जोडप्याला गावातल्याच माणसापासून धोका असतो. त्यांचा पत्ता फुटला तर बँकेतली रक्कम जात नाही, जीव जातो.

दुसरी बाजूही पाहा. सुरक्षेच्या नावाखाली टीम ठरवते की जुन्या अँड्रॉइडवर अ‍ॅप चालणार नाही, दर पंधरा मिनिटांनी नव्याने लॉगिन करायचे, दर वेळी ओटीपी. कागदावर सुरक्षा वाढली. प्रत्यक्षात चार-पाच हजारांचा वापरलेला फोन घेणारी आमची बाई बाहेर फेकली गेली आणि दुसऱ्याच्या फोनवरून अर्ज भरायला लागली. म्हणजे तिची माहिती आधीपेक्षा जास्त उघडी पडली. कडक कुलूप आणि चांगले कुलूप यातला फरक कळायला तो फोन कधीतरी वापरलेला असावा लागतो.

लीड नेमके काय करतो?

हे काम जादूचे नाही, आणि तसे ते भासवले जाते म्हणूनच सांगितले पाहिजे. अँड्रॉइड अ‍ॅपची फाईल कुणीही उतरवून उघडून बघू शकतो. तिच्यात सर्व्हरची गुप्त किल्ली लिहून ठेवली असेल तर ती जगाला वाटली, असे समजा. फोनमध्ये साठवलेली माहिती कूटरूपात नसेल तर फोन हरवला की ती गेली. सर्व्हरने प्रत्येक विनंतीला 'तू कोण' एवढेच विचारून भागत नाही. 'हा कागद तुझा आहे का' हेही दर वेळी विचारावे लागते. आमच्या मुलाला सापडलेला दोष हाच होता. ओवास्प ही जागतिक संस्था मोबाईलच्या दहा मोठ्या जोखमींची यादी काढते. २०२४ च्या यादीत उघड्या किल्ल्या पहिल्या क्रमांकावर आहेत, ओळख आणि अधिकार तपासण्यातली ढिलाई तिसऱ्या आणि खासगीपणाची अपुरी काळजी सहाव्या. यादी सगळ्यांना उपलब्ध आहे. इंटरनेट आणि चिकाटी असेल तर कारंज्याच्या पोरीलाही ती शिकता येते.

पण यादी वाचणे वेगळे आणि टीम चालवणे वेगळे. लीडला चार निर्णय घ्यावे लागतात. पहिला, कोणती माहिती गोळाच करायची नाही. कारण जी घेतलीच नाही ती फुटत नाही. दुसरा, कोणता दोष असताना अ‍ॅप बाहेर जाऊ द्यायचे नाही, मग मंत्र्याचे उद्घाटन ठरलेले असले तरी. तिसरा, बाहेरच्या कुणी दोष दाखवला तर आभार मानायचे की पोलिसांची भीती दाखवायची. चौथा, माहिती फुटलीच तर ज्यांची फुटली त्यांना सांगायचे की दडपायचे. या चारही निर्णयांत गणित थोडे आहे. कुणाच्या नुकसानीला नुकसान मानायचे, हे त्यात ठरते. म्हणून ही खुर्ची राजकीय आहे.

खुर्चीवर कोण बसले आहे हेच कुणाला माहीत नसले तर काय होते, तेही देशाने पाहिले. २ एप्रिल २०२० ला आरोग्य सेतू आले. महिन्याभरात ते कर्मचाऱ्यांवर सक्तीचे झाले. पुढे माहिती अधिकारात विचारले की हे बनवले कुणी, तर सरकारी खाती एकमेकांकडे बोट दाखवू लागली आणि ऑक्टोबर २०२० मध्ये केंद्रीय माहिती आयोगाला नोटीस काढावी लागली. कोट्यवधी लोकांच्या फोनमध्ये शिरलेल्या अ‍ॅपचा बाप कोण, हे सांगायला सरकारला नोटीस लागते!

कायद्यातून जात कशी गायब झाली

तो लीड म्हणाला, जात संवेदनशील नाही. तो एकटा नाही, देशाचा कायदाही आज तेच म्हणतो. २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायाधीशांच्या घटनापीठाने खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निकाल दिला. त्यानंतर न्यायमूर्ती श्रीकृष्ण समितीने २०१८ मध्ये मसुदा केला. त्यात आणि २०१९ मध्ये संसदेत आलेल्या विधेयकात 'संवेदनशील वैयक्तिक माहिती'ची वेगळी यादी होती आणि त्या यादीत जात व जमात स्पष्ट शब्दांत होती. ते विधेयक २०२२ मध्ये मागे घेतले. २०२३ मध्ये जो कायदा झाला त्यात ही यादीच नाही. तुमच्या जातीचा दाखला आणि तुमच्या आवडत्या सिनेमाचे नाव, कायद्याच्या लेखी दोन्ही एकाच पातळीवर.

आणखी पाहा. सुरक्षेत कसूर केल्यास २५० कोटींपर्यंत दंड आहे, तो सरकारी तिजोरीत जातो. जिची माहिती फुटली त्या मुलीला या कायद्यात भरपाई नाही. केंद्र सरकार आपल्या यंत्रणांना अधिसूचना काढून कायद्यातून सूट देऊ शकते. आणि खोटी तक्रार केली म्हणून सामान्य नागरिकाला मात्र दहा हजारांपर्यंत दंड! याच कायद्याने माहिती अधिकाराच्या कलम ८ मध्ये बदल करून 'वैयक्तिक माहिती'च्या नावाखाली अधिकाऱ्यांना पडदा दिला. जातीला पडदा नाही, अधिकाऱ्याला आहे.

आता हे सगळे जनगणनेशी जोडून बघा. ३० एप्रिल २०२५ रोजी केंद्राने जातगणनेचा निर्णय जाहीर केला. १६ जूनला अधिसूचना निघाली. संदर्भ दिनांक १ मार्च २०२७. ही जनगणना मोबाईल अ‍ॅपवर होणार आहे. म्हणजे या देशातल्या प्रत्येक माणसाची जात, घरासह, एका अ‍ॅपमधून सर्व्हरवर जाणार. जातगणनेची मागणी आपलीच आहे आणि आम्ही तिच्या पाठीशी ठाम आहोत. २०११ च्या सामाजिक-आर्थिक जात सर्वेक्षणाची जातीची आकडेवारी दाबून ठेवली, तेही आम्ही विसरलेलो नाही. बेरीज लपवायची आणि माणसामाणसाची जात उघडी टाकायची, असा उलटा व्यवहार होऊ नये, एवढेच आमचे म्हणणे आहे. १९४८ चा जनगणना कायदा वैयक्तिक नोंदी गुप्त ठेवायला सांगतो. पण तो कागदी तक्त्याच्या काळातला आहे. कपाटाला कुलूप लावले की काम भागत होते. अ‍ॅपच्या कपाटाला कुलूप लावणारी टीम कोणती, तिचे नेतृत्व कुणाकडे, तिची स्वतंत्र तपासणी कुणी केली, हे जनतेला कळले पाहिजे.

ही भीती काल्पनिक आहे असे म्हणणाऱ्यांनी २०१९ आठवावे. पेगासस हेरगिरीत लक्ष्य केल्याचा इशारा व्हॉट्सअ‍ॅपकडून ज्यांना मिळाला, त्यात आपल्या शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यातल्या राजूरचे डॉ. आनंद तेलतुंबडे होते, नागपूरचे वकील निहालसिंग राठोड होते. मोबाईलची सुरक्षा हा आपल्या चळवळीच्या जिवाचा प्रश्न आहे.

'सुरक्षेला जात नसते'

आता नेहमीचा आक्षेप येईल. "दोष हा दोष असतो. कोड जात बघत नाही. जो हुशार तो लीड." ठीक आहे, हुशारी मोजण्याची जागा पाहू. ३० जून २०२० रोजी कॅलिफोर्निया राज्याच्या खात्याने सिस्को कंपनीवर खटला भरला. आरोप असा की एका दलित इंजिनिअरची जात सहकाऱ्यांत उघड केली गेली आणि तक्रार केल्यावर त्याला एकटे पाडून पुढच्या संधी नाकारल्या. कंपनीने आरोप नाकारले. एप्रिल २०२३ मध्ये दोन व्यवस्थापकांवरचा खटला राज्याने मागे घेतला, कंपनीवरचा ठेवला. निकाल काय लागायचा तो लागो. पण सातासमुद्रापार टीमचे नेतृत्व कुणाकडे जाते याच्या भांडणात जात उभी राहते, एवढे तरी मान्य करा. सिअ‍ॅटलने फेब्रुवारी २०२३ मध्ये जातिभेदावर बंदी घातली ती उगीच नाही.

दुसरा आक्षेप आमच्यातूनच येतो आणि तो जास्त खरा आहे: "आपला माणूस लीड झाला तरी तो आपला राहतोच असे नाही." मान्य. खुर्चीवर बसून आडनाव विसरणारे आपणही पाहिले आहेत. म्हणून केवळ माणूस बसवून भागणार नाही. खुर्चीला लेखी अधिकार हवा आणि लेखी जबाबदारीही हवी. पण खुर्चीच नको, नुसती नैतिकता हवी, हा सल्ला आपल्यालाच का दिला जातो?

तिसरी गोष्ट आपल्या पोटातली. वाशिम, अकोला, पुण्याच्या अभ्यासिकांत आपली हजारो पोरे आठ-आठ वर्षे स्पर्धा परीक्षेला बसतात. आम्ही त्यांची चेष्टा करत नाही. ती वाट बाबासाहेबांनी उघडली. पण बाबासाहेबांनीच २९ ऑक्टोबर १९४२ रोजी व्हाइसरॉयला दिलेल्या निवेदनात अस्पृश्य मुलांच्या विज्ञान व तंत्रज्ञानातल्या उच्च शिक्षणासाठी सरकारी मदत मागितली होती, हे आपण किती वेळा सांगतो? तहसीलदाराची खुर्ची मोक्याची होती कारण दाखला त्याच्या सहीने निघायचा. आज सही डिजिटल आहे आणि ती कुणाला मिळेल हे अ‍ॅपची रचना ठरवते. मोक्याची जागा सरकली, आपण जुन्याच दाराशी रांग लावून उभे आहोत. आणि सरकारने अ‍ॅपचे काम निविदा काढून खासगी कंपन्यांना दिले की त्या खोलीत आरक्षण पोचतच नाही. ७ मे २०२१ च्या शासन निर्णयाने महाराष्ट्रात पदोन्नतीतले आरक्षणही गेले. खालून चढायचा जिना काढला आणि वरची खोली भाड्याने दिली!

आमच्या मागण्या

एक, जात ही संवेदनशील माहिती आहे असे कायद्यात पुन्हा लिहा आणि माहिती फुटल्यास संबंधित व्यक्तीला भरपाई द्या.

दोन, सरकारी अ‍ॅपच्या सुरक्षाप्रमुखाला गंभीर दोष असताना अ‍ॅप थांबवण्याचा लेखी अधिकार द्या. त्याचा शेरा वरच्याने बदलला तर कारण आणि नाव नोंदले जावे.

तीन, जनगणना, शिष्यवृत्ती, पोषण आणि रोजगाराच्या अ‍ॅपची स्वतंत्र तपासणी करा आणि दोष दुरुस्त झाल्यावर अहवाल मराठीत जाहीर करा. दोष दाखवणाऱ्याला गुन्हेगार ठरवू नका.

चार, सरकारी पैशातून अ‍ॅप बनवणाऱ्या कंपनीने आपल्या टीमची सामाजिक रचना, नेतृत्वाच्या पदांसह, जाहीर करावी आणि निविदेत प्रतिनिधित्वाची अट असावी.

पाच, बार्टीने स्पर्धा परीक्षेच्या ताकदीने मोबाईल सुरक्षेचे प्रशिक्षण सुरू करावे. ते पुण्यापुरते नको. वाशिम, हिंगोली, यवतमाळमध्ये हवे आणि त्यात टीम चालवण्याचे शिक्षणही हवे.

सरकारकडे मागताना आपणही काही करू. वस्तीतल्या विहारात महिन्यातून एक रविवार मोबाईलसाठी ठेवा. ओटीपी म्हणजे काय, अ‍ॅप कोणत्या परवानग्या मागते, दाखल्याचा फोटो ग्रुपवर का टाकायचा नाही, हे आजीबाईंना समजावून सांगा. पुण्यात नोकरी करणाऱ्या आपल्या पोरांनी दर वर्षी गावातला एक मुलगा, एक मुलगी या कामात आणायची. आणि ज्याला लीडची खुर्ची मिळेल त्याने पहिल्या बैठकीत विचारायचे: हे अ‍ॅप फुटले तर सगळ्यात आधी कोण मरेल?

मालेगावचा आमचा मुलगा अजून तिथेच आहे. दिवाळीत आला तेव्हा आम्ही त्याला विचारले, तो अहवाल तू परत 'अतिगंभीर' लिहिशील का? तो म्हणाला, "लिहीनच. पण आता मला तो शेरा बदलणाऱ्याच्या जागी बसायचं आहे." अहवाल लिहिणारे आपल्याकडे खूप झाले. आता हे बसणारे हवेत.

जय भीम!